खंडेनवमीला राहून गेलेला प्रश्न

आमच्याकडे निवडणूक जवळ आली की सगळ्यात आधी गटारांची झाकणं बदलतात. मग खड्ड्यांत खडी पडते, कोपऱ्यावरच्या बाकांना रंग लागतो आणि एक दिवस ती रिक्षा येते. रिक्षावर भोंगा, भोंग्यात जुन्याच चालीवर नव्या उमेदवाराचं नाव. सातपूरच्या आमच्या कॉलनीत ती नेमकी नळाला पाणी असताना येते, त्यामुळे बादल्या भरता भरता ते गाणं मला पाठ होतं आणि मग दिवसभर तोंडात बसतं. मत कुणाला द्यायचं हे मात्र त्या गाण्यावरून माझं अजून कधी ठरलेलं नाही.

यंदाही रिक्षा सुरू झाली आहे. दिवाळी नुकतीच संपली, फराळाच्या डब्यात तळाशी चिवड्यातले शेंगदाणे तेवढे उरलेत. सकाळी पाण्यात हात घालवत नाही इतका गारवा असतो आणि दुपारी पंखा लावावा लागतो. हंगाम म्हटलं की लोकांना आंबे आठवतात, हुरडा आठवतो. मला प्रचाराचा हंगाम आठवतो, पाच वर्षांपूर्वीचा. त्या वेळी दसरा, निवडणूक आणि दिवाळी अशी एकामागोमाग एक आली होती, आणि झेंडूचा भाव उतरायचं नाव घेत नव्हता.

त्या दिवसांची आठवण आली की मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं खरं तर. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला हात लावतो आणि आपलाच गाल परका लागतो, तसं काहीसं होतं. हात कुठे लागलाय ते कळतं, बाकी काही कळत नाही.

मी तेव्हा एमआयडीसीत एका कंपनीत होते. कूलरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या छोट्या मोटारी आम्ही बनवायचो. बारावी झाल्यावर लागले ती तिथंच बावीस वर्षं काढली. माझं काम वाइंडिंगचं. तांब्याची बारीक तार यंत्रावर गुंडाळायची, तिची वेटोळी मोटारीच्या खाचांमध्ये बसवायची आणि ती हलू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधून टाकायची. हे बांधणं हातानंच करावं लागतं. दोरा ओढून ओढून तर्जनीला एक चीर पडते, ती बावीस वर्षांत कधी पूर्ण भरली नाही. घरी आलं की केसांना वॉर्निशचा वास यायचा. माझी मुलगी अश्विनी लहान असताना म्हणायची, आईचा वास असाच असतो. मला त्याचं वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

माझ्या शेजारच्या यंत्रावर शोभा. ती दिंडोरी तालुक्यातली, लग्न होऊन नाशकात आलेली. बोलणं गावाकडचं, आवाज खणखणीत. साहेबांनाही ती "तुमाला काय कळतंय त्यातलं" असं हसत हसत सुनावायची आणि साहेबही हसायचे, कारण यंत्र अडलं की तिलाच बोलवावं लागायचं. जेवायला आम्ही बारा-तेराजणी एकत्र बसायचो. कुणाचा ठेचा, कुणाची शेवभाजी, आणि शोभाच्या डब्यातली नागलीची भाकरी, जिच्यावर सगळ्यांचा डोळा.

खंडेनवमीच्या आठवडाभर आधी त्या जेवणाच्या वेळी बातमी आली. गोडाऊनमध्ये एक कंटेनर उतरला होता. त्यात तयार मोटारी होत्या, परदेशातून आलेल्या, आमच्याच मापाच्या. शोभा स्वतः जाऊन बघून आली होती.

"लय गुळगुळीत माल हाय," ती म्हणाली. "आपल्यासारखाच. नुसतं नाव टाकायचं बाकी हाय."

आमचे सुपरवायझर जोशी सर म्हणाले, फक्त ट्रायलसाठी मागवलाय, तुम्ही कशाला मनावर घेता. जोशी सर माणूस चांगला. खोटं बोलताना ते चष्मा पुसायचे, आणि त्या दिवशी त्यांनी तो दोनदा पुसला.

त्याच दुपारी आमचं ठरलं. खंडेनवमीला उमेदवार कारखान्यांमध्ये फिरतात, हे एमआयडीसीत सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी यंत्रं थांबलेली असतात, माणसं एका जागी असतात आणि नारळ फोडायला बाहेरचा पाहुणा मिळाला तर मालकालाही हवाच असतो. तेव्हा जो कुणी येईल त्याला विचारायचं. तयार माल असाच बाहेरून येत राहिला तर आमच्या कामाचं काय, आणि आमचं काम इथंच राहावं म्हणून तुम्ही कुठे, काय बोलणार. विचारायचं कुणी, तर मी. महिला दिनाला दरवर्षी आभार मानायला मलाच उभं करत, एवढीच माझी पात्रता. तरी मी आठवडाभर पोळ्या लाटताना ते वाक्य म्हणून बघितलं. एकदा अश्विनीनं विचारलं, आई, कुणाशी बोलतेस. मी म्हटलं, आमदाराशी.

खंडेनवमीचा दिवस कारखान्यात वर्षातला सगळ्यात सुंदर. आदल्या दिवशी यंत्रं रॉकेलनं पुसून लख्ख केलेली. पक्कड, कात्री, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडून त्यांना हळदीकुंकू. प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार आणि आंब्याची पानं. आम्ही रोजचे निळे कोट काढून साड्या नेसून यायचो. घरच्यांनाही त्या दिवशी आत सोडत. मुलं येत आणि आपल्या आईचं यंत्र कोणतं ते बघून जात. आमच्याकडे एक रीत होती, त्या दिवशी यंत्र बंद आहे असं कुणी म्हणायचं नाही. विश्रांती घेतंय म्हणायचं. नवीन मुलीच्या तोंडून चुकून 'बंद' निघालं तर शोभा तिला लगेच गप्प करायची आणि यंत्राला नमस्कार करायला लावायची.

उमेदवार अकराच्या सुमाराला आले. पांढरा शर्ट, कपाळावर चार कारखान्यांचे चार गंध. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना हात जोडले, जोशी सरांनी त्यांना शाल दिली आणि पहिला नारळ माझ्या यंत्रापुढे फोडायचं ठरलं, कारण बायकांच्या बाजूला सगळ्यात जुनी मीच. पूजेचं ताट माझ्याच हातात होतं. नारळ एका फटक्यात फुटला. सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोला ताई, काही अडचण?"

शोभानं मागून माझा दंड दाबला. वाक्य तोंडात तयार होतं. पण माझ्या समोर माझं यंत्र होतं, हार घातलेलं, कुंकू ओलं असलेलं. त्याच्यासमोर उभं राहून, आजच्या दिवशी, हे थांबणार आहे असं कसं म्हणायचं? ज्या दिवशी 'बंद' हा शब्दही उच्चारत नाहीत त्या दिवशी?

मी म्हणाले, "साहेब, गेटबाहेरच्या रस्त्यावर दिवे नाहीत. दुसऱ्या पाळीच्या बायकांना चालत जाताना भीती वाटते."

ते म्हणाले, अरे, हे तर झालंच पाहिजे. टाळ्या वाजल्या. शोभानंही वाजवल्या. पेढे वाटले आणि ते पुढच्या कारखान्यात गेले. मागाहून मी शोभाला म्हटलं, अगं, ते राहिलंच. ती म्हणाली, "बरं केलंस मंगल. सणाच्या दिशी आसलं वंगाळ कशाला बोलायचं? आन् त्यो काय पळून चाललाय का?"

पळून कुणीच गेलं नाही. निवडणूक झाली, ते निवडून आले. दिवाळी झाली. जानेवारीत गेटबाहेरच्या रस्त्यावर दिवे लागले, चांगले पांढरे, ओळीनं सात. दिले नसते तर त्यांना चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

प्रश्न विचारला असता तर कारखाना वाचला असता, असं मी म्हणत नाही. एका बाईनं एका पाहुण्याला एक वाक्य विचारलं म्हणून कंटेनर परत जात नाहीत, एवढं मलाही कळतं. पण दिवे मागितले तर दिवे आले. जे मागितलं ते मिळालं. हेच मला आजतागायत पचलेलं नाही.

दिवाळीनंतर आमचं वाइंडिंग कमी होत गेलं आणि एके दिवशी आम्हाला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. काम सोपं होतं. खोका उघडायचा, आतली तयार मोटार बाहेर काढायची, पुसायची, तिच्यावर आपल्या कंपनीचं स्टिकर लावायचं आणि आपल्या खोक्यात ठेवायची. हात दुखत नव्हते. तर्जनीची चीर बावीस वर्षांत पहिल्यांदा भरली. आत गुलाबी कातडी आली, आणि ती मी बसमध्ये सारखी अंगठ्यानं चोळत बसायचे.

एकदा एक मोटार आतून बघितली. सवयीनं आधी दोऱ्याकडेच लक्ष गेलं. गाठ आमच्यापेक्षा बारीक होती आणि दोन गाठींमधलं अंतर सगळीकडे सारखं. यंत्राची नव्हती, हाताचीच होती. मी शोभाला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"चांगला हात हाय बाईचा," ती म्हणाली. "तिलाबी मुलंबाळं असतील."

मला त्या परक्या बाईचा राग येईना. आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी आलं असतं. तिचंही बोट चिरलेलं असणार, तिलाही उद्या कुणीतरी स्वस्तात गाठ मारणारी भेटणार. तिच्याशी माझं भांडण नाही. माझं काम उचलून तिकडे ठेवायचं हे ज्यांनी ठरवलं, आणि ते ठरत असताना ज्यांनी आमच्या वतीनं बोलायला हवं होतं, त्यांना आम्ही काही विचारलंच नव्हतं, इतकंच.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या हातात कामावरून कमी केल्याची पत्रं पडली आणि गेटला कुलूप लागलं. करोनाच्या टाळेबंदीच्या आधीच, म्हणजे तिच्या नावानं बोटं मोडायचीही सोय राहिली नाही. सगळ्याजणी रडल्या. मी रडले नाही. मी डबा धुतला, लॉकरमधली चप्पल पिशवीत भरली, जोशी सरांना नमस्कार केला. ते चष्मा पुसत होते, पण त्या वेळी काचा खरंच ओल्या होत्या. येताना भाजीवाल्याकडून दुधी घेतला. घरी येऊन तो किसला आणि मग लक्षात आलं की आमच्याकडे दुधी कुणालाच आवडत नाही. मला स्वतःची भीती वाटली ती तेव्हा, बाकी कधी नाही.

शोभा आता द्राक्षांच्या बागेत रोजानं जाते, घड विरळ करायला. बारीक कामाचा हात म्हणून तिला मागणी असते. फोनवर म्हणाली, "कात्रीच हाय आपल्या नशिबात." बाकीच्यांपैकी कुणी पाळणाघरात आहे, कुणी मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालते. कुणी उपाशी नाही. लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, मग झालं तर. त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नाही. आपल्या हातानं बनवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात गरगर फिरते, या गोष्टीचा माणसाला एक आधार असतो. उन्हाळ्यात कुणाच्या खिडकीत कूलर दिसला की मी अजूनही थांबते आणि आवाज ऐकते. आता सगळे सारखेच वाटतात.

हे सगळं पाच वर्षं मी निमूट बाजूला ठेवलं होतं. गेल्या मंगळवारी संध्याकाळी अश्विनी ऑफिसची पिशवी न ठेवताच स्वयंपाकघरात आली. ती अंबडला एका कंपनीत असते, विजेचे स्विच बनवतात तिथे. डिप्लोमा करून लागली, चार वर्षं झाली. हल्ली तिचं लग्नाचंही बघतोय.

ती म्हणाली, "आई, आमच्याकडे तयार माल आलाय."

मी मेथी निवडत होते. ती निवडत राहिले.

"किती?"

"एकच लॉट. ट्रायल आहे म्हणाले."

"आणि तुम्हाला काय दिलंय करायला?"

"टेस्टिंग. आणि पॅकिंग."

मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटांना काही झालेलं नव्हतं. मग तीच म्हणाली, रविवारी कॉलनीत उमेदवार येणार आहेत ना, मंदिराच्या मंडपात. मी म्हटलं, येणार आहेत. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "तू काही विचारणार असशील तर आमच्या कंपनीचं नाव घेऊ नकोस हं. आमचे एचआरवाले त्यांच्याच प्रचारात आहेत. नाव गेलं तर पहिली मीच बाहेर."

तेव्हा कुठे मला भीती वाटली. निवडलेली पानं मी देठांच्या ढिगात टाकत होते. पाच वर्षांनी काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हे. म्हणूनच या लेखात तिचं नाव, कंपनीची जागा, तिथला माल, सगळं मी बदलून लिहिलंय.

तर हा लेख वाचणाऱ्यांना मला एक सांगायचं आहे, आणि ते फार मोठं नाही. येत्या दिवसांत तुमच्या दारात कुणी ना कुणी हात जोडून येईलच. त्यांना रस्ता विचारा, पाणी विचारा, ते विचारायलाच हवं. पण तिथंच थांबू नका. तुमच्या गावातल्या कारखान्यांची नावं त्यांना येतात का, ते विचारा. मागच्या खेपेपासून कोणत्या गेटला कुलूप लागलं, हे त्यांना ठाऊक आहे का विचारा. जो माल इथं बनतो तोच बाहेरून तयार येऊन पडत असेल तर ते त्यावर काय मागणार, कुणाकडे मागणार, आणि ते कागदावर लिहून देणार का, हे विचारा. मालेगावचे यंत्रमागवाले असाल तर कापडाचं विचारा, नाशिकरोडचे असाल तर शेजाऱ्याच्या मुलीच्या नोकरीचं विचारा. सण असला तरी विचारा. नारळ फोडून झाल्यावर विचारा, आधी विचारा, पण ताट हातात घेऊन उभे राहू नका. आणि जिची नोकरी अजून आहे तिला विचारायला लावू नका. तिचे हात बांधलेले असतात. जिची गेली आहे तिनं उठायचं.

रविवारी मंडप भरला होता. उमेदवार तरुण होते, बोलणं मऊ. ओपन जिम, कॅमेरे, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा. एकीनं पाण्याच्या दाबाचं विचारलं. एकीनं घंटागाडीचं विचारलं. मग मी उठले. अश्विनी तीन ओळी मागे बसली होती, मोबाइलमध्ये बघत.

मी म्हणाले, "बाहेरून तयार माल येतो आणि इथल्या कामगारांना घरी बसवतात. इथलं काम इथंच राहावं म्हणून तुम्ही निवडून आल्यावर विधानसभेत काय मागणार आहात?"

"फार महत्त्वाचा विषय आहे काकू," ते म्हणाले. "आपण रोजगार मेळावा घेणारच आहोत."

"मेळावा नवीन कामासाठी असतो. मी आहे त्या कामाचं विचारतेय."

मंडपात थोडी कुजबुज झाली. त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडे बघितलं. त्यानं डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"कंपनीचं नाव सांगा काकू. आत्ता फोन लावतो मालकांना."

मागे वळून बघायचं नाही, एवढंच मी घरून ठरवून आले होते. मी माझ्या कंपनीचं नाव सांगितलं. कार्यकर्त्यानं लिहिता लिहिता हात थांबवला आणि त्यांच्या कानाशी लागला. उमेदवारांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"काकू, ती तर बंद झाली ना? पाच वर्षं होत आली."

"हो," मी म्हणाले. "ती चालू होती तेव्हा विचारायचं राहून गेलं. म्हणून ज्या अजून चालू आहेत त्यांचं आत्ता विचारतेय."

त्यांनी घड्याळात बघितलं. पुढच्या ओळीतल्या दोघी उठायला निघाल्या होत्या, त्या परत खुर्चीत बसल्या.

"सांगा सावकाश," मी म्हणाले. "मला आता कुठल्या पाळीला जायचं नाही."